चार मिनिटांची आई

ससे पाळणाऱ्या घरात पिल्लं झाली की दुसऱ्याच दिवशी हमखास एक घोर लागतो. आई पिल्लांजवळ फिरकत नाही. ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून गवत खाते, अंग चाटते, निवांत पडून राहते. आणि पेटीत डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली पिल्लं एकटीच. घरातली माणसं घाबरतात. कुणी मादीला उचलून बळेच पेटीत बसवतं, कुणी ड्रॉपरने गाईचं दूध पाजायला घेतं, कुणी पिल्लं कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवतं. मांजर, कुत्री, शेळी, गाय यांना बघत आपण वाढलो, त्यामुळे आई म्हटलं की पिल्लं कुशीत घेऊन बसलेली आईच आपल्या डोळ्यांसमोर येते. सशाची मादी तशी बसत नाही. चोवीस तासांत बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं ती पाजते आणि निघून जाते. तिचं हे निघून जाणं हीच तिची राखण आहे. एवढं पटलं की पेटी कशी असावी, कुठे ठेवावी, तिच्यात हात कधी घालावा आणि कधी घालू नये, ही सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

आपण घरात पाळतो तो ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या भागातला. तो बिळात राहणारा प्राणी आहे. रानात विण्याची वेळ आली की मादी बहुधा एक वेगळं, आखूड बीळ खणते. तोंडाने गवत गोळा करून आत नेते, गळ्याखालचे आणि पोटावरचे स्वतःचे केस उपटून त्यांचं अस्तर लावते, विते, पिल्लांना पाजते, आणि बाहेर पडताना बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते. कोल्हा किंवा मुंगसाच्या जातीचा कुणी शिकारी वासावर फिरत असेल, तर मोठ्या प्राण्याचा ताजा वास त्याला पिल्लांपर्यंत नेणार. आई जितकी कमी येईल तितका माग कमी. म्हणून रात्रीच्या वा पहाटेच्या अंधारात एकदा येऊन, चोवीस तासांचं दूध एका दमात पाजून, दार लिंपून ती दूर जाते. ऊब द्यायचं काम तिने घरट्यावर सोपवलेलं असतं. केस, गवत आणि एकमेकांना बिलगलेली भावंडं, एवढ्यावर पिल्लं दिवस काढतात.

पिंजऱ्यात माती नसते, उतार नसतो, बुजवायला तोंड नसतं. म्हणून माणसाला पेटी द्यावी लागते. पेटी म्हणजे लाकडात बांधलेलं बीळ. हे लक्षात ठेवून तिची मापं बघितली तर ती पाठ करावी लागत नाहीत. लांबी मादीच्या अंगापेक्षा थोडीच जास्त, रुंदी तिला आत वळता येईल इतपत. मध्यम आकाराच्या मादीला साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी पेटी पुरते. न्यूझीलंड व्हाइटसारख्या मोठ्या जातीला थोडी मोठी, ठेंगण्या जातींना थोडी लहान. माया म्हणून मोठी पेटी देण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो आणि तो पिल्लांना महागात पडतो. प्रशस्त पेटीत मादी बसायला, झोपायला जाते, तिथेच लघवी करते. ओली गादी पिल्लांचा जीव घेते. शिवाय मोठ्या जागेत पिल्लं विखुरतात, आणि विखुरलेलं पिल्लू गार पडतं.

पेटीची पुढची बाजू पूर्ण उघडी नको. तिथे साधारण १५ सेंटिमीटर उंचीचा उंबरठा हवा, आणि हा उंबरठा पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पाजून झालं की मादी उडी मारून निघते. एखादं पिल्लू तेव्हाही आचळाला लटकलेलं असलं तर उंबरठ्याला घासून ते आतच सुटतं. उंबरठा नसेल तर ते बाहेर जाळीवर पडतं. आणि बाहेर पडलेलं पिल्लू आई परत आणत नाही. मांजर मानगुटीला धरून पिल्लू उचलते, कुत्री तोंडात धरून आणते. सशाच्या मादीला ती सवयच नाही. रानात बंद बिळातून पिल्लू बाहेर पडण्याचा प्रसंग येत नाही, म्हणून ते परत आणण्याची वृत्तीही तिच्यात घडली नाही. पिंजऱ्याच्या जाळीवर पडलेलं पिल्लू तिच्या नाकासमोर असलं तरी ती त्याला उचलणार नाही. तिला निष्ठुर म्हणणं अन्यायाचं आहे. उचलून आत ठेवणं हे आपलं काम.

पेटीचा तळ ठोस असावा, पण त्याला चार-सहा बारीक भोकं असावीत, म्हणजे ओल साठत नाही. लाकूड साधं, बिनरंगाचं, खिळ्यांची टोकं आत न आलेलं. प्लायवूडही चालतं, मात्र मादी ते कुरतडणार हे गृहीत धरावं. पत्र्याची पेटी धुवायला सोपी, पण थंडीत पत्रा गार आणि उन्हात तापलेला, त्यामुळे आपल्या हवेत मी लाकडाच्याच बाजूने आहे. तळाला सुतार रंधा मारतो तेव्हा निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या पातळ सालींचा दोन-तीन बोटं जाड थर द्यावा. करवतीचा बारीक भुसा नको. तो पिल्लांच्या नाकातोंडात जातो. देवदारासारख्या उग्र वासाचं लाकूडही टाळावं. त्यावर कोरडं, मऊ, बुरशी न धरलेलं गवत भरपूर भरावं. कोकणात आणि मावळात भाताचा पेंढा सहज मिळतो, तोही चालतो; कुबट वास येणारा पेंढा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. गोणपाटाचे तुकडे, सुतळी, चिंध्या, लोकर, कापूस यांतलं काहीही पेटीत घालू नका. त्यांचे धागे पिल्लाच्या पायाला किंवा मानेला गुंडाळतात आणि पिल्लू वाढतं तसा फास आवळत जातो. पेटी भरल्यावर मागच्या बाजूला मुठीने दाबून वाटीसारखा खोलगट खळगा करून ठेवावा. मादी तो मोडून आपल्या मनासारखा करील. तिला करू द्यावं.

आता पेटी कधी ठेवायची. सशाचा गर्भकाळ साधारण ३० ते ३२ दिवसांचा. मादीचं बीज ठरावीक चक्राने बाहेर पडत नाही. नराशी संयोग झाल्यावर दहा-बारा तासांनी ते सुटतं. म्हणून संयोगाची तारीख माहीत असेल तर विण्याचा दिवस बराच नेमका सांगता येतो. पेटी २७व्या किंवा २८व्या दिवशी ठेवावी. फार आधी ठेवली तर ती तिची मुताची जागा होते, उशीर झाला तर पिल्लं जाळीवर होतात. मादी लघवीसाठी जो कोपरा वापरते त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पेटी ठेवावी. तारीख माहीत नसेल तर मादीकडे बघावं. तोंडात गवताची जुडी धरून ती पिंजऱ्यात फेऱ्या मारू लागली की वेळ जवळ आली. शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं चढतं, आणि ठरलेल्या क्रमाने खणणं, गवत गोळा करणं, केस उपटणं सुरू होतं. केस याच सुमाराला मुळातून सैल होतात, त्यामुळे ते उपटताना तिला दुखत नाही. आणि पोटावरचे केस गेल्याने आचळही मोकळे होतात. कधी कधी मादी गाभण नसतानाही हे सगळं करते. संयोगातून गर्भ राहिला नाही, किंवा एका मादीने दुसरीवर उडी मारली, तरी शरीर फसतं आणि सोळा-अठरा दिवसांनी ती घरटं बांधायला घेते. अशा वेळी काळजीचं कारण नाही, चार दिवसांत ते शमतं.

विणं बहुधा रात्री किंवा पहाटे होतं आणि झटपट आटोपतं, पुष्कळदा अर्ध्या तासात. मादी वार खाऊन टाकते, पिल्लं चाटून कोरडी करते आणि बाहेर येते. या वेळी तिला पाण्याची फार गरज असते. पाणी संपलेलं असणं, आजूबाजूला गोंगाट असणं, कुत्रा पिंजऱ्याशी येऊन भुंकणं, अशा प्रसंगी पहिलटकरीण मादी बिथरून पिल्लांना इजा करते किंवा वारेबरोबर पिल्लूही चावते. तिला दोष देण्याआधी पाण्याचं भांडं बघावं. नर मात्र त्याआधीच वेगळा केलेला हवा. पिल्लांना तो त्रास देईलच असं नाही, पण व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि मग महिनाभरात, पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाच, दुसरं वेत येऊन उभं राहतं.

सकाळी पेटी तपासायचीच. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे की माणसाचा हात लागला तर आई पिल्लं टाकते. पाळीव सशाच्या बाबतीत ती खरी नाही. ज्या माणसाचा वास मादीला रोजचा आहे त्याने हात धुऊन, तिच्या पाठीवरून हात फिरवून, थोडं गवत हातावर चोळून पेटीत हात घातला तर काही बिघडत नाही. तपासलं नाही तर मात्र बिघडतं, कारण मेलेलं पिल्लू आत राहून सडतं. मादीला कोथिंबिरीची काडी देऊन पेटीपासून दूर गुंतवावं, केसांचा थर अलगद बाजूला सारून पिल्लं मोजावीत, मेलेली आणि वारेचे उरलेले तुकडे काढावेत, ओलं झालेलं गवत बदलावं, केस मात्र एकही फेकू नये. एका वेतात सहा-आठ पिल्लं नेहमीची. ठेंगण्या जातींत दोन-चारच. नेदरलँड ड्वार्फसारख्या जातींत एखादं पिल्लू भावंडांच्या निम्म्या आकाराचं, मोठ्या डोक्याचं निघतं आणि काही दिवसांत जातं. आईबाप दोघांकडून ठेंगणेपणाचं जनुक आलं की असं होतं. त्या पिल्लाला कुणाच्याही काळजीने वाचवता येत नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नये.

मादीने केस उपटलेच नसतील, पहिल्या खेपेला असं घडतं, तर तिच्या पोटावरचे सैल झालेले केस हलक्या हाताने काढून पिल्लांवर पसरावेत. एखादं पिल्लू जाळीवर गारठून निपचित पडलेलं दिसलं तर ते मेलं असं लगेच धरू नये. दोन्ही तळहातांत किंवा अंगाशी धरून, नाहीतर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवून, सावकाश ऊब द्यावी. पुष्कळदा वीस-तीस मिनिटांत ते वळवळू लागतं. ऊब येण्याआधी दूध अजिबात पाजू नये. गार पिल्लाला ते पचत नाही.

आता त्या चार मिनिटांकडे वळू, कारण सशाच्या आयुष्यातलं इतकं विलक्षण दुसरं काही मला माहीत नाही. पिल्लं आंधळी, बहिरी, केसांविना जन्मतात, वजन बहुतेक जातींत ४० ते ६० ग्रॅम. आई पेटीत येते, त्यांच्यावर उभी राहते आणि स्तब्ध होते. ती कुणाला आचळाकडे ढकलत नाही, आडवी पडून सोय करत नाही. पिल्लं केसांत नाक खुपसून काही सेकंदांत आचळ शोधतात, मिनिटाला दोन-तीनदा आचळ बदलतात, आणि वेळ संपायच्या आत आपल्या वजनाच्या पाव भागाएवढं, कधी त्याहूनही जास्त दूध पितात. आंधळ्या जिवाला हे जमतं कसं? रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल यांनी १९८०च्या दशकात म्युनिकमध्ये दाखवून दिलं की मादीच्या पोटावरचा वासच त्यांना वाट दाखवतो. पुढे २००३ साली फ्रान्समधल्या दिजोंच्या बेनुआ शाल आणि सहकाऱ्यांनी तो रेणू वेगळा काढला: टू-मिथाइलब्यूट-टू-इनॅल. सशाच्या दुधातला हा एकटा रेणू काचेच्या कांडीवर लावून पुढे केला तरी पिल्लू ती कांडी तोंडात धरायला बघतं. त्याच शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली. त्या रेणूसोबत दुसरा कुठलाही नवा वास हुंगायला दिला तर पिल्लू एकाच खेपेत तो वास शिकतं आणि पुढे त्यालाही तसाच प्रतिसाद देतं. दिवसाला एकच संधी मिळणाऱ्या जिवाला शिकायला दुसरी खेप परवडत नाही.

पिल्लांच्या अंगात घड्याळही असतं. आई येण्याच्या तास-दोन तास आधीपासून ती वळवळू लागतात, अंगाचं तापमान किंचित वाढतं, आणि केसांच्या थरातून वर सरकून ती उघडी पडतात. पाजून झालं की सगळी एकदम लघवी करतात आणि पुन्हा खणत खाली जातात. आई कधी निघताना चार-दोन लेंड्या टाकून जाते. पिल्लं मोठी होऊ लागली की त्या कुरतडतात, आणि आईच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यांच्या पोटात पोचायला त्यांची मदत होते. म्हणून पेटी साफ करताना कोरड्या लेंड्यांच्या मागे फार लागू नये.

दूध मिळतंय की नाही हे आईला बघून कळत नाही, पिल्लांना बघून कळतं. पोट गोल, कातडी ताणलेली आणि तुकतुकीत. पहिल्या दिवसांत तर पातळ कातडीआडून दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. असं पिल्लू हात लावला तरी थोडं हलून पुन्हा शांत होतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते, पोट आत जातं, आणि झाकण उघडताच ते हाताकडे उसळतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवण्यासारखा उपाय नाही. साधारण आठवड्यात जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवावं. घटलं तर त्याच दिवशी हालचाल करावी. एक-दोन पिल्लंच मागे पडत असतील तर बाकीची भरपेट पिल्लं थोडा वेळ बाजूला ठेवून मागे पडलेल्यांना आईखाली जास्तीची संधी द्यावी. सगळ्यांचीच पोटं खपाटीला गेली असतील तर आईचे आचळ बघावेत. ते गरम, टणक, लाल वा निळसर झाले असतील तर स्तनदाह आहे, आणि त्याला घरगुती उपाय नाही, तडक पशुवैद्याकडे. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सशाला तोंडावाटे पेनिसिलीन किंवा ॲमॉक्सिसिलीन देऊ नका. आतड्यातल्या जिवाणूंचा तोल ढळून तो दगावतो. डॉक्टरांना सशाचा अनुभव नसेल तर औषध लिहिताना ही गोष्ट नम्रपणे विचारून घ्यावी.

शेजारी दुसरी व्यालेली मादी असेल आणि पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांचाच फरक असेल, तर काही पिल्लं तिच्या पेटीत सोडता येतात. सशाची मादी परकी पिल्लं सहसा नाकारत नाही. हा उपाय बाटलीपेक्षा शंभरपट चांगला. सशाच्या दुधात चरबी आणि प्रथिनं प्रत्येकी बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास आणि साखर जेमतेम दोन टक्के. गाईच्या दुधात चरबी चार, प्रथिनं सव्वातीन आणि साखर पावणेपाचच्या घरात. म्हणजे गाईचं दूध पिल्लाला पाणचट आणि गोड, दोन्ही अर्थांनी चुकीचं. शिवाय आईच्या दुधावर पिल्लाच्या जठरात जंतुनाशक स्निग्धाम्लं तयार होतात आणि पोट जवळजवळ निर्जंतुक राहतं. बाटलीच्या दुधावर ते संरक्षण मिळत नाही. आई मेलीच असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी किंवा शेळीचं दूध, कोमट, दिवसातून दोनदा. पिल्लू पाठीवर आडवं न धरता सरळ, पोट खाली ठेवून, सिरिंजने थेंब थेंब द्यावं. घाईत दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावं, म्हणजे लघवी होते. एवढं करूनही बरीच पिल्लं जातात. म्हणूनच आई जिवंत आणि धडधाकट असताना बाटली हातात घेणं मला मान्य नाही.

महाराष्ट्रात पेटीचा खरा शत्रू थंडीपेक्षा उन्हाळा आहे. पिल्लांना घरट्यात ३० ते ३५ अंशांची ऊब लागते. त्यांना पहिले दिवस कुडकुडता येत नाही. खांद्यांमधल्या तपकिरी चरबीतून ती उष्णता तयार करतात आणि एकमेकांना चिकटून ती टिकवतात. मोठ्या सशाला मात्र १५ ते २२ अंशांत सुख वाटतं आणि तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो. तो घाम गाळून अंग गार करू शकत नाही, उष्णता घालवायला कान आणि श्वास एवढंच. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्थेची सशांवर काम करणारी केंद्रं हिमाचलात गडसा आणि कोडाईकनालजवळ मन्नवनूर अशा थंड डोंगराळ जागी आहेत. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास पारा असताना पिल्लं काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या उष्म्यात नरही काही काळ वांझ होतो. पिल्लं झालीच असतील तर पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा जागी हलवावी. उकडलेली पिल्लं एकमेकांपासून सुटी होऊन पसरतात, अंग लाल दिसतं, श्वास भरभर चालतो. तेव्हा केसांचा थर पातळ करावा, पण काढलेले केस पिशवीत जपून ठेवावेत, कारण रात्री ते परत लागतील. आईजवळ पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली की ती तिला टेकून बसते. ही बाटली पिल्लांच्या पेटीत नको. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, महाबळेश्वर, सातारा भागात उलट करायचं: गवत दुप्पट, आणि पेटीवर अर्धं झाकण.

पावसाळ्यात मुंग्या. यावर पुस्तकांत फारसं वाचायला मिळत नाही, पण आपल्याकडे मुंग्यांनी एका रात्रीत पेटी संपवलेली असते. दुधाच्या वासावर त्या येतात आणि हलू न शकणाऱ्या पिल्लांना फोडून खातात. पिंजरा पायांवर उभा करून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा, पाणी रोज बघावं, आणि भिंतीला किंवा दोरीला पिंजरा कुठे टेकलेला नाही ना हे तपासावं. मुंग्यांची पावडर पेटीजवळ टाकू नये. घूस, उंदीर आणि बोका यांच्यासाठी जाळीची भोकं लहान हवीत. मोकळ्या व्हरांड्यात रात्री पिंजरा ठेवणं टाळलेलं बरं.

पुढचे दिवस भराभर जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर मखमली लव, आठवड्याच्या सुमाराला कान उघडू लागतात, दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे. बाराव्या दिवशीही डोळा बंद असेल, कडा चिकटलेल्या असतील, तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून हलक्या हाताने पुसावं. आत पू दिसला तर डॉक्टर. उशीर केला तर डोळा जातो. पहिल्या आठवड्यात रोज थोडा वेळ, पाजण्याच्या वेळेच्या आसपास, पिल्लं हातात घेतली तर मोठेपणी ती माणसाला कमी भितात, असं हंगेरीतल्या संशोधकांना आढळलं आहे. वजन करण्याची वेळ पहाटेची ठेवली तर दोन्ही कामं एकत्र होतात.

पंधराव्या ते अठराव्या दिवशी पिल्लं उंबरठा ओलांडून बाहेर येऊ लागतात. पेटीतलं गवत तोवर मळलेलं असतं, ते पूर्ण बदलावं, आणि तीन आठवड्यांच्या सुमाराला पेटी काढून घ्यावी. थंडीत आणखी काही दिवस ठेवली तरी चालेल. घाणेरडी पेटी ठेवणं मात्र सगळ्यात वाईट, कारण कॉक्सिडिया नावाचे आतड्याचे परजीवी लेंड्यांतून पसरतात आणि दूध सुटण्याच्या वयातच पिल्लांना गाठतात. पेटी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवावी.

तीन ते सहा आठवड्यांचा काळ सर्वांत नाजूक. दुधावरच्या पिल्लाच्या जठरातली आम्लता कमी असते. मोठ्या सशाचं जठर इतकं आम्ल असतं की जंतू तिथे टिकत नाहीत. मधल्या आठवड्यांत दुधाचं संरक्षण ओसरत असतं आणि आम्लाचं अजून पुरतं उभं राहिलेलं नसतं. या फटीतच जुलाब होऊन पिल्लं पटापट जातात. त्या वेळी त्यांना आई खाते तेच कोरडं गवत, त्याच खाद्याच्या गोळ्या, स्वच्छ पाणी, एवढंच द्यावं. गर्भात आणि दुधातून आईच्या खाण्याचा वास त्यांच्या ओळखीचा झालेला असतो, ते खायला ती लवकर शिकतात. लसूणघास या वयात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चांगला, त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम दोघांनाही हवं असतं. पोळीचा तुकडा, बिस्किट, भात, गोड फळं अजिबात नकोत. कोवळ्या भाज्या तीन महिन्यांनंतर, एका वेळी एकच नवी, थोडी थोडी.

रस्त्यावर टोपलीत विकायला असणारी ती मुठीएवढी पिल्लं पुष्कळदा चार आठवड्यांचीही नसतात. घरी आणल्यावर आठवड्यात त्यांना जुलाब लागतात, आणि मुलांना वाटतं आपल्यामुळे पिल्लू मेलं. ते आईपासून तोडलं गेलं तेव्हाच निम्मं मेलेलं होतं. पिल्लू घ्यायचं तर आठ आठवड्यांचं घ्यावं, आणि आपल्याकडची द्यायची तीही तेव्हाच द्यावीत, सोबत रोजच्या गवताची एक पिशवी बांधून.

ऊसतोडीच्या, कापणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना रानसशाची पिल्लं सापडतात, आणि वर लिहिलेलं त्यांना लागू करू नये. आपला रानससा वेगळ्या वंशातला: तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि गवताच्या आडोशाला गप्प बसून राहतात. त्यांची आईही जवळ दिसणार नाही. ती पिल्लं अनाथ नसतात. काम तेवढ्या भागात थांबवून, किंवा पिल्लू बांधाला सावलीत ठेवून, माणसांनी तिथून निघून जावं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे, त्याला घरी आणणं गुन्हा ठरतो.

घरातल्या बहुतेक वेतांची सुरुवात "दोन्ही माद्याच आहेत" या विक्रेत्याच्या शब्दावर झालेली असते. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं जाणत्यालाही चकवतं. आठ आठवड्यांनंतर ते बरंच खात्रीने सांगता येतं. दहा-बारा आठवड्यांच्या आत नर वेगळे करावेत, भाऊबहीण असले तरी. लहान जातींची मादी चौथ्या महिन्यात वयात येते. नराची नसबंदी केली तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याच्याकडून गर्भ राहू शकतो, तेवढा काळ त्याला वेगळंच ठेवावं. मादीचं गर्भाशय काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे, पण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर ती करून घेतली तर उतारवयातल्या माद्यांना वारंवार होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. पुणे-मुंबईसारख्या शहरांत सशांवर शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य मिळतात. आधी फोन करून, सशाला भूल देण्याचा त्यांना किती अनुभव आहे, हे विचारावं, आणि शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये, कारण ससा ओकत नाही आणि त्याचं आतडं थांबलं की ते पुन्हा चालू करणं अवघड जातं.